वाड्याची वही

गोव्यात पाऊस अजून इंचांत मोजतात. हवामान खातं मिलिमीटर सांगतं, पण वर्तमानपत्रात 'पावसाचं शतक', म्हणजे शंभर इंच, आलं की आम्हां सत्तरी तालुक्यातल्या लोकांना मनातून बरं वाटतं. विहिरी भरल्या, कुळागराला, म्हणजे माडा-पोफळीच्या बागेला, उन्हाळ्यात पाणी पुरणार. वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे एकशेवीस इंच. आमच्याकडे वाळपईला त्याहून कितीतरी जास्त. एवढ्या पावसात आमच्या पिढ्या वाढल्या, त्यामुळे पावसाची भीती आम्हांला कोणी शिकवलीच नाही.

पण इंचांवरून एक गोष्ट कळत नाही. तो पाऊस किती तासांत पडला?

२२ जुलै २०२१ च्या रात्री मी हे शिकले. तेव्हा मी आमच्या पंचायतीत पंच होते. २०१७ च्या निवडणुकीत निवडून आले होते, आमच्या वाड्याच्या, म्हणजे वस्तीच्या, प्रभागातून. आषाढी होऊन दोन दिवस झाले होते, पौर्णिमा तोंडावर आली होती. संध्याकाळीच वीज गेली होती. पहाटे तीनच्या सुमारास शेजारच्या मुलाने दारावर थाप मारली. "बाय, पाणी रस्त्यावर आलंय." मी बॅटरी घेऊन बाहेर आले. अंगणाच्या खाली जिथे आमची वाट रस्त्याला मिळते, तिथे रस्ताच नव्हता. तपकिरी पाणी होतं, आणि ते वाहत नव्हतं, नुसतं वर चढत होतं. वाहणारं पाणी आवाज करतं. चढणारं पाणी करत नाही. त्या शांततेची मला अजून धास्ती आहे.

मामलेदार कचेरीचा नियंत्रण कक्ष लागेना. लागला तेव्हा पलीकडचा माणूस भला होता, पण त्याच्यासमोर सगळ्या तालुक्याची रांग होती. अग्निशमन दलाची गाडी निघाली आणि वाटेत उन्मळून पडलेल्या झाडाशी अडकली. पंचायत कार्यालयाची किल्ली शिपायाकडे, आणि शिपाई नदीच्या पलीकडे राहणारा. त्या कार्यालयातल्या कपाटात आपत्ती व्यवस्थापनाची फाईल होती. आठवड्याने मी ती उघडून पाहिली. फोन नंबरांच्या यादीतले दोन अधिकारी केव्हाच बदलून गेले होते. एका नंबरात नऊच आकडे होते.

त्या रात्री वाड्याला कोणी वाचवलं असेल तर पाच-सहा मुलांनी. रेतीच्या होड्यांवर काम केलेला एक जण, ट्रॅक्टरच्या चाकाची ट्यूब असलेला दुसरा, आणि सुंभाचा दोर. कोणाच्या घरात म्हातारं माणूस आहे, कोणाची सून गरोदर आहे, कोणाला डायलिसिसला नेतात, हे त्यांना तोंडपाठ होतं. सरकारी यादीत ते कुठेच नव्हतं. आम्ही तेवीस माणसं शाळेत आणली. कोविडचे दिवस होते. एकाच खोलीत बसायला लोक बिचकत होते, म्हणून एका वर्गात म्हातारी माणसं आणि दुसऱ्यात बाकीचे, अशी वाटणी केली. चहा दुकानदाराने केला. दूध नव्हतं, कोरा चहा.

वाड्याच्या टोकाला, नदीकडच्या अंगाला, काकींचं घर. मातीच्या भिंती, वर मंगळुरी कौलं. काकी एकट्या आणि गोठ्यात एक गाय. मुलं तिथे पोचली तेव्हा पाणी उंबऱ्याला लागलं होतं. काकी गाईच्या गळ्याशी हात घालून उभ्या होत्या आणि एकच वाक्य म्हणत होत्या, "हांव खंयच वचना." मी कुठेही जाणार नाही. समजावण्यात वीस मिनिटं गेली. शेवटी एका मुलाने गाईचं दावं सोडलं आणि तिला चढणीवर घेऊन निघाला. काकी मागून न बोलता चालू लागल्या.

त्या दिवशी गोव्यात काय काय झालं ते नंतर कळलं. पैकुळचा पूल गेला. दूधसागर-सोनावळी पट्ट्यात दरड कोसळून मंगळुरूहून मुंबईला जाणाऱ्या गाडीचे डबे रुळांवरून घसरले. सत्तरी, डिचोली, फोंडा, बार्देश मिळून हजारेक घरांचं नुकसान झालं, आणि मुख्यमंत्री प्रमोद सावंत यांनी १९८२ नंतरचा हा सगळ्यात मोठा पूर असल्याचं सांगितलं. वाड्यावरच्या जाणत्यांनाही तोच आठवत होता, पण त्याची खूण कुठे नव्हती. कोणी म्हणे पाणी पिंपळापर्यंत आलेलं, कोणी म्हणे देवळाच्या पायरीपर्यंत. एकोणचाळीस वर्षांत कोणी भिंतीवर एक रेघ ओढून ठेवली नव्हती.

दुपारनंतर पाणी ओसरलं. काकींचं घर उभं होतं. सगळ्यांनी हुश्श केलं. मातीचं घर कसं पडतं हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. पुरात ते कधी कधी टिकतंही. भिंतीचा पाया पाणी पिऊन फुगतो, बाहेरून पाण्याचा दाब असतो तोवर भिंत तोल सांभाळते. पाणी उतरलं की आधार सुटतो, आणि वरच्या कौलांचं ओझं त्या मऊ झालेल्या पायावर येतं. दुसऱ्या दिवशी सकाळी काकी भांडी घासायला मागच्या दारी गेल्या आणि पुढची भिंत बसली. पडली म्हणण्यापेक्षा बसली. धुळीऐवजी ओल्या मातीचा वास आला. त्या आत असत्या तर? पूर ओसरल्यावर मातीच्या घरात दोन-तीन दिवस कोणाला जाऊ द्यायचं नाही, एवढी साधी गोष्ट कोणी सांगितली असती तर मी त्यांना आदल्या संध्याकाळी घरी सोडलं नसतं. मीच सोडलं होतं, बॅटरी धरून.

आता दुसरी गोष्ट. ती सांगितल्याशिवाय पुढे जाणं मला जमणार नाही.

आमच्या वाड्याच्या वरच्या बाजूने एक व्हाळ येतो आणि काकींच्या घराच्या अलीकडे नदीला मिळतो. उन्हाळ्यात तो कोरडा. पावसात दोन माणसं आडवी झोपतील एवढा रुंद. पुराच्या आदल्या वर्षी आमच्या मासिक बैठकीत एक अर्ज आला होता. व्हाळाकाठच्या जागेला कुंपणाची भिंत, आणि आत गाडी जाण्यासाठी व्हाळावर स्लॅब, खाली पाईप. कागद नीट होते. अर्जदार गावचा, सगळ्यांच्या ओळखीचा. फेब्रुवारी महिना, बाहेर रणरणतं ऊन. पाईप किती रुंदीचा, वरून पाणी किती येतं, पाईप चोंदला तर ते कुठे वळेल, यातला एकही प्रश्न त्या खोलीत कोणी विचारला नाही. मीही नाही. ठराव एकमताने मंजूर झाला. त्यावर माझी सही आहे.

पूर ओसरल्यावर मी तिथे जाऊन उभी राहिले. पाईपाच्या तोंडात बांबूची बेटं, प्लास्टिक आणि एक मेलेलं वासरू अडकलं होतं. व्हाळाचं पाणी भिंतीला थडकून उजवीकडे वळलं होतं आणि काकींच्या मागच्या अंगणातून उतरलं होतं. नदीचं पाणी पुढून, व्हाळाचं मागून. नदी माझ्या हातात नव्हती. व्हाळ होता.

तेव्हापासून मला वाटतं की पंचायतीची आपत्तीची तयारी मे महिन्यात गटारं उपसण्यापासून सुरू होत नाही. ती बांधकाम परवान्यांच्या बैठकीत सुरू होते, भर उन्हाळ्यात, जेव्हा पाणी कुठेच दिसत नसतं. आणि निम्म्या वेळा तर तो निर्णय गावाच्या हातातही नसतो. २०२३ साली नगरनियोजन कायद्यात कलम १७(२) आलं आणि आराखड्यातली 'चूक दुरुस्ती' म्हणून एकेका भूखंडाचा विभाग (झोन) बदलू लागला. मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने त्याखालचे नियम रद्द केले. तोवर २०२४ चं कलम ३९अ आलेलं होतं, तेही विभाग बदलण्यासाठीच. डोंगरउतारावरचं रान किंवा सखल शेत वसाहतीचं झालं की खाली राहणाऱ्यांच्या अंगणातलं पाणी बदलतं. ग्रामसभेला ते पाणी आल्यावर कळतं.

पंच म्हणून माझं काम काय, हे मी पुरानंतर वाचून काढलं. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यात राज्याचं प्राधिकरण मुख्यमंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली, जिल्ह्याचं जिल्हाधिकाऱ्यांच्या, आणि जिल्हा पंचायतीचे अध्यक्ष तिथे सहअध्यक्ष. पुढे कलम ४१ आहे, स्थानिक संस्थांचं. आपल्या माणसांना प्रशिक्षण द्या, साधनं वापरायला तयार ठेवा, बांधकामं ठरलेल्या निकषांप्रमाणे होतात की नाही ते बघा, आपत्तीनंतर मदतकार्य करा. चार वर्षं पंच असून हे कलम मी ऐकलं नव्हतं. घटनेच्या अकराव्या परिशिष्टात पंचायतींचे २९ विषय आहेत. लघुसिंचन आहे, जत्रा-बाजार आहेत, आपत्ती नाही. जबाबदारी एका कायद्यात आहे, पण अधिकारांच्या यादीत तिला नाव नाही.

पैशांचंही तसंच. पंधराव्या वित्त आयोगाच्या अनुदानातला ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेला बांधलेला होता. आपत्तीसाठी राज्याला वेगळा निधी मिळतो, त्यातला २० टक्के आपत्ती येण्याआधी तिची धार कमी करण्यासाठी राखून ठेवायचा आहे. चांगली तरतूद आहे. पण आमच्यासारख्या पंचायतीने एक होडी, दोन दोर आणि जनरेटर घ्यायचा म्हटला की सचिव विचारणार, "कुठल्या हेडखाली दाखवायचं?" त्या प्रश्नाचं उत्तर मला माझ्या कारकिर्दीत मिळालं नाही. घर पडल्यावर मात्र उत्तर तयार असतं. तलाठी येतो, पंचनामा होतो. तेव्हाच्या निकषाप्रमाणे सपाट भागातल्या पूर्ण पडलेल्या घराला ९५,१०० रुपये. २०२२ पासून तो आकडा १,२०,००० झाला. आज गोव्यात एवढ्यात घर उभं राहत नाही, हे तलाठ्यालाही माहीत असतं.

माझं माहेर फोंडा तालुक्यात, खाजनाच्या काठचं. पुरानंतर चतुर्थीला गेले तेव्हा बाबांना हे सगळं सांगितलं. ते बराच वेळ गप्प राहिले. मग मला मानशीकडे घेऊन गेले.

ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. खाजन म्हणजे भरतीच्या पातळीपेक्षा खाली असलेली शेतं, खाऱ्या पाण्यापासून मातीच्या बांधाने वाचवलेली. बांधात एका ठिकाणी लाकडी दारं, ती मानस. भरतीला बाहेरच्या पाण्याच्या दाबानेच दारं मिटतात. ओहोटीला आतलं पाणी ती ढकलून बाहेर जातं. वीज नाही, पंप नाही. बाबा लहान असताना अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला बांधावर राखण असायची. कंदील घेऊन माणसं रात्रभर फिरायची. खेकड्याने पाडलेलं भोक दिसलं की तिथल्या तिथे चिखल चोपायचा. रात्री बोटाएवढं असलेलं भोक पहाटेपर्यंत बांध नेतं. कोणत्या घराने कोणत्या रात्री जायचं हे ठरलेलं असे. बांध फुटला तर हाकेसरशी प्रत्येक घरातून माणूस यायचा. आणि खर्चाची सोयही तिथेच: मानशीच्या मासळीची दरवर्षी पावणी व्हायची आणि त्या लिलावाच्या पैशातून बांधाची डागडुजी. बांध राखला तर मासळी, मासळीतून बांध.

पुढे कुळांच्या संघटना झाल्या, काही चांगल्या चालल्या. पण बऱ्याच ठिकाणी शेती सुटली आणि पावणी राहिली. जास्त मासळीसाठी दारं उघडी ठेवायची, खारं पाणी आत घ्यायचं. शेत गेलं की बांधाकडे बघणारं कोणी उरत नाही. बाबा बांधावर उभे राहून म्हणाले, "आमच्या वेळी बांध कोणाचा असं विचारलं तर लोक माणसांची नावं घ्यायचे. आता खात्याचं नाव घेतात."

समुद्र वर येतोय, अरबी समुद्र तापतोय, वादळं वाढली आहेत हे सगळं आपण वाचतो. मे २०२१ मध्ये तौक्ते गुजरातकडे जाता जाता गोव्यात झाडं आणि विजेचे खांब मोडून गेलं, दोन जीव घेऊन गेलं. २००९ च्या २ ऑक्टोबरला, पाऊस संपला असं सगळे म्हणत असताना, काणकोणात काही तासांच्या पावसाने तळपण आणि गालजीबागच्या काठची घरं धुऊन नेली. मार्च २०२३ मध्ये तर म्हादई अभयारण्यातच वणवे पेटले, नौदलाची हेलिकॉप्टरं पाणी ओतायला आली. सत्तरीचं रान दिवसचे दिवस जळत राहू शकतं ही कल्पनाच आमच्याकडे नव्हती. आणि २०२५ मध्ये मान्सून केरळात २४ मेलाच पोचला, २००९ नंतर इतक्या लवकर पहिल्यांदाच, आणि लगोलग गोव्यात शिरला. आमच्याकडे मान्सूनपूर्व कामं मे अखेरपर्यंत संपवायची असं वर्षानुवर्षांचं गणित. गटारातला गाळ काढून काठावर ठेवलेला होता. पहिल्याच पावसात तो परत गटारात गेला.

राज्य स्वस्थ बसलंय असं मी म्हणणार नाही. साखळीला वाळवंटीच्या काठावर भिंत झाली, बाजारात साचलेलं पाणी नदीत फेकायला पंप बसले. त्याने बाजार कितीदा तरी वाचला आहे. किनाऱ्यावर चक्रीवादळांसाठी निवारे उभे राहिले. हवामान खात्याचा ऑरेंज अलर्ट आता प्रत्येकाच्या मोबाईलवर येतो. पण तो अख्ख्या जिल्ह्याला येतो, आणि पावसाळ्यात इतक्यांदा येतो की लोक बघणं सोडतात. उत्तर गोव्याला ऑरेंज अलर्ट म्हणजे आमच्या वाड्याने काय करायचं? गुरं वर न्यायची की नाही? हे भाषांतर करणारं माणूस गावातलंच लागतं. २०१८ च्या महापुरानंतर केरळने प्रत्येक स्थानिक संस्थेकडून स्वतःचा आपत्ती आराखडा करून घेतला. त्यांच्या पंचायती आमच्याहून पुष्कळ मोठ्या, हे खरं. पण गोव्यात एकूण पंचायती १९१ आहेत. एकशे एक्याण्णव आराखडे. एका उन्हाळ्यात होतील एवढे.

मी २०२२ मध्ये पुन्हा उभी राहिले नाही. पण पुरानंतरच्या श्रावणात एक वही सुरू केली होती, ती अजून चालू आहे. दोनशे पानी, पुठ्ठ्याची, वर प्लास्टिकचं कव्हर. पहिल्या पानावर नदीच्या वरच्या अंगाच्या तीन गावांतल्या पाच माणसांचे नंबर. त्या रात्री वरच्या गावात पाणी आमच्या कितीतरी आधी चढलं होतं. तिथल्या कोणाचाही नंबर माझ्याकडे नव्हता, माझा त्यांच्याकडे नव्हता. आता पाणी वाढलं की फोन येतो, आणि मी खालच्या गावात करते. ही वही मला सगळ्यात जास्त उपयोगी पडली ती या एका पानामुळे.

पुढे घरवार नोंदी. कोण अंथरुणाला खिळलंय, कोणाचं इन्सुलिन फ्रिजमध्ये असतं, कोणाकडे होडी, कोणाकडे करवत, जेसीबीवाल्याचा नंबर, लाईनमनचा, शाळेची दुसरी किल्ली कोणाकडे. मातीची घरं सात, त्यांच्यापुढे लाल शाईत 'पाणी उतरल्यावर तीन दिवस आत नाही'. व्हाळाचं पान वेगळं आहे. त्यावरचा स्लॅब अजून आहे. पाईपाच्या जागी मोठं मोरीचं काम करायचा ठराव दोनदा झाला, पत्रं गेली, खात्याचे लोक मोजून गेले. तोवर दर रविवारी दोघे जण पाईपाचं तोंड साफ करतात, त्यांची नावं पाळीने लिहिलेली आहेत. तिसऱ्या पाळीत माझं नाव आहे.

शाळेच्या उताराकडच्या बाहेरच्या भिंतीवर २०२१ ची रेघ आम्ही तेलरंगाने ओढली. माझ्या कमरेच्या वर चार बोटं येते. मध्ये शाळेला रंग द्यायचं ठरलं तेव्हा रंगाऱ्याने ती पुसायला घेतली होती. पोरांनी त्याला अडवलं.

यंदा आमच्या नव्या पंच बाईंनी वही मागितली, पंचायतीत तिची प्रत ठेवायची म्हणून. देण्याआधी मी सगळ्या घरांतून पुन्हा फिरून आले. दोन म्हातारी माणसं गेली होती, एक बाळ आलं होतं, तीन नंबर बदलले होते. काकींच्या घरी शेवटी गेले. आता चिऱ्यांचं घर आहे, जोतं शाळेवरच्या रेघेपेक्षा एक हात उंच, त्यांच्या पुतण्याने बांधून दिलेलं. काकी ब्याऐंशीच्या झाल्या. गुडघे दुखतात, उचलावं लागेल. ते मी लिहिलं. मग त्यांनी वही हातात घेतली, आपलं नाव शोधलं आणि त्यापुढची जुनी ओळ मला मोठ्याने वाचायला लावली. 'आधी गाय न्यावी, मग काकी येतात.'

"आतां पाडीय आसा," त्या म्हणाल्या. "तें बरय." आता पाडी, म्हणजे कालवडही आहे, ते लिही.

मी 'गाय'च्या पुढे 'आणि पाडी' असं लिहिलं.